कात्रीवाले आणि मोजणीवाले

२५ एप्रिल २०२५ ला 'फुले' सिनेमा थेटरात लागला. लागायचा होता ११ तारखेला, जोतीरावांच्या जयंतीला. पण ब्राह्मण संघटनांच्या पोटात दुखलं आणि सेन्सॉरने कात्री काढली. महार नको, मांग नको, पेशवाई नको. गुलामी तीन हजार वर्षांची म्हणू नका, कित्येक वर्षांची म्हणा. म्हणजे गुलामी चालेल, फक्त तिचं वय सांगायचं नाही!

आणि पाचच दिवसांनी, ३० एप्रिलला, ज्या सरकारचं हे सेन्सॉर त्याच सरकारच्या मंत्रिमंडळाने ठरवलं : जनगणनेत जात मोजणार. वा रे वा! पडद्यावर जात उच्चारली की समाज दुभंगतो, रकान्यात लिहिली की सामाजिक न्याय.

दोस्तहो, १८५५ साली जोतीरावांच्या शाळेतल्या मुक्ता नावाच्या चौदाएक वर्षांच्या मांगाच्या पोरीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. 'ज्ञानोदय'ने छापला. मिशनऱ्यांचं पत्र, गोऱ्यांचं राज्य. आज ती पोर सेन्सॉरपुढे उभी राहिली तर मथळ्यातच अडकेल.

मोजणीला आपला विरोध नाही. हवीच. आपल्याला आणि आदिवासींना १९५१ पासून दर खेपेला मोजतातच. बाकीच्या जाती १९३१ नंतर झाकलेल्या. २०११ ला मोजून पाहिलं, तर २०२१ ला सुप्रीम कोर्टात सांगितलं की ४६ लाख जाती निघाल्या, चुका फार, आकडे देत नाही. झाकली मूठ!

आता २०२७ ची मोजणी मोबाईलवर, अ‍ॅपमध्ये. यंत्राला विटाळ नसतो, कबूल. पण यंत्रात रकाने कोण पाडतो? जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत उत्तर आलं : हाताने मैला साफ करताना पाच वर्षांत एकही मृत्यू नाही. उत्तर देणारे मंत्री रामदास आठवले. आपल्या पँथरमधूनच गेलेले! युक्ती साधी आहे. गटारात गुदमरून मेला तो 'मैला वाहणारा' नाही, तो 'धोकादायक सफाई' करणारा. दुसरा रकाना. माणूस मेलेला, आणि आकडा शून्य.

म्हणून प्रगणक दारात आला की धर्म बौद्ध सांगायचा, आणि लाजायचं नाही, जातही सांगायची. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती आहेत, आणि त्या जातीच्याच रकान्यावर टिकून आहेत. सेन्सॉरने कापलेला तोच शब्द, मोठ्याने. आणि मोबाईलवर तो काय दाबतो, ते त्याच्या खांद्यावरून बघायचं.