वाळलं म्हणून काय झालं?

मंडळी, आमच्या अंबरनाथ पश्चिमेत 'मेलेलं झाड' म्हटलं की पुढचा शब्द ठरलेला – 'तोडा'. गल्लीतला पर्जन्यवृक्ष वाळून दीड वर्ष झालं. परवा सोसायटीच्या सभेत तो बुंध्यापासून काढायचा ठराव एक मत सोडून सर्वांनी मंजूर केला. ते एक मत कुणाचं, हे नेहमीच्या वाचकांना सांगायला नको!

आता मुद्द्याचं. या 'मेलेल्या' झाडाच्या एका तिरक्या फांदीला तांबटाने खालच्या बाजूने भोक पाडून घर केलंय. पावसाचं पाणी आत शिरू नये एवढी अक्कल त्या चिमणीहून थोड्या मोठ्या पाखराला आहे. नर-मादी दोघंही अंडी उबवतात, दोघंही पिल्लांना भरवतात. पण त्याची चोच काही पटाशी नव्हे. जिवंत, टणक लाकूड त्याला कोरवत नाही. वठलेली, मऊ पडलेली फांदीच लागते. विम्को नाक्यावर राहणाऱ्यांना हे पटायला हवं. कारखाना गेला, नाव उरलं. पण आगपेटीच्या काडीलाही सावरीसारखं मऊ लाकूडच लागायचं.

तांबट आणि सुतार हे घर बांधणारे. साळुंकी, दयाळ, पोपट हे बिऱ्हाडकरू. त्यांना कोरता येत नाही किंवा बेताचंच येतं. ते सोडलेल्या नाहीतर आपोआप पडलेल्या ढोल्यांत संसार थाटतात. मोठी ढोली पिंगळ्याची, आणि पिंगळा उंदीर खातो, फुकट! झाड बुंध्यापासून काढलं की ही अख्खी चाळ एका दिवसात जमीनदोस्त.

सभेत तीन मुद्दे निघाले.

पहिला, वाळकं झाड अशुभ. यावर काय बोलणार? ज्यात पिल्लं वाढतायत ते अशुभ कसं?

दुसरा, बदली दोन रोपं लावू. जरूर लावा. पण रोपाला ढोली व्हायला आपली नातवंडं म्हातारी व्हावी लागतील. तोवर तांबटाने कुठे जायचं?

तिसरा, फांदी कुणाच्या डोक्यात पडली तर? हा मुद्दा खरा आहे, आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. खाली मुलं खेळतात, रिक्षा उभ्या राहतात. पण धोका फांद्यांचा असेल तर फांद्या उतरवा. बुंधा आतून कितपत भक्कम आहे, हे जाणकाराकडून तपासून घ्या. भक्कम असेल तर दोन पुरुष उंचीचा तो उभा राहू द्या. अमेरिकेतल्या सरकारी जंगलांत अशी झाडं पक्ष्यांसाठी मुद्दाम राखतात. आपल्याला एक राखता येऊ नये?

कायद्याचंही ऐका. महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्यानुसार शहरातलं झाड तोडायला परवानगी लागते. मेलेल्या झाडाला ती मिळूही शकते. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या वाचा. संरक्षित पक्ष्यांची अंडी फोडणं, घरटी विस्कटणं हेही तीत येतं. म्हणजे करवत चालवणारा गडी नकळत शिकारी ठरायचा, आणि ठरावावर सह्या करणारे सज्जन नामानिराळे!

आणि हे झाड मेलं कशाने, ते कुणी विचारलंच नाही. मुंबई परिसरात पिठ्या ढेकणाने कितीतरी पर्जन्यवृक्ष वाळले, हे खरं. पण आपण पेव्हर ब्लॉक थेट खोडाला भिडवले, पाणी मुरायला वीतभर माती ठेवली नाही, त्याचं काय? राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीत झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. आपल्याला ते कुणी सांगायला हवं का?

तेव्हा माझी मागणी साधी आहे. तांबटाच्या विणीचा मुख्य हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल. पिल्लं उडेपर्यंत थांबा. मग पावसाळ्याआधी रस्त्यावरच्या फांद्या उतरवा. बुंधा राखा. आणि नवी रोपं लावाल तेव्हा त्यांच्याभोवती माती ठेवा.

ठराव फिरवता येतो. पडलेलं झाड पुन्हा उभं करता येत नाही.