तराफे मोजा, दिवेही मोजा

हिंदी महासागरात कुपा, म्हणजे टुना, पकडायला हल्ली माशांच्या मागे धावावं लागत नाही. बांबू आणि दोऱ्यांचे तराफे पाण्यावर सोडून द्यायचे. त्यांच्या सावलीला मासे आपोआप जमतात. तराफ्याला बांधलेलं यंत्र उपग्रहामार्फत बोटीला कळवतं, की खाली बराच माल आहे, या. मग युरोपियन कंपन्यांच्या पर्ससीन बोटी येऊन सगळं एकदम उचलतात. त्यात यलोफिनची पिल्लंही जातात, एकदाही अंडी न घातलेली.

फेब्रुवारी 2023 मध्ये मोंबासाला हिंदी महासागर टुना आयोगाने दरवर्षी 72 दिवस हे तराफे बंद ठेवायचा ठराव मतदानाने मंजूर केला. मांडणाऱ्यांत इंडोनेशियासोबत आपला भारतही होता. युरोपियन युनियनने आक्षेप घेतला, मागोमाग इतक्या देशांनी घेतला की ठराव कुणालाच बंधनकारक उरला नाही. सेशेल्सची अडचण मला समजते, तिथले कितीतरी संसार टुनाच्या कारखान्यावर चालतात. युरोपची नाही समजत. शेवटी 2024 मध्ये बँकॉकला तडजोड झाली: एका बोटीमागे 300 तराफ्यांची मर्यादा होती, ती 2026 पासून 250 आणि 2028 पासून 225. बंदीचे दिवस गेले ते गेलेच.

तराफा मुळात वाईट नाही. मालदीवचं सरकार स्वतः तराफे नांगरून ठेवतं, पण तिथे माणूस गळाने एकेक कुपा काढतो. योहानच्या शुभवर्तमानात जाळ्यात 153 मासे आले. मला त्यातल्या चमत्कारापेक्षा कुणीतरी बसून ते मोजले, हेच जास्त आवडतं.

आता घरचं बघू. रात्री एलईडी दिवे लावून मासे गोळा करणं म्हणजे उजेडाचा तराफाच. केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये त्यावर बंदी घातली, महाराष्ट्राने 2021 मध्ये कायदा कडक केला. तरी कोकणातले पारंपरिक मच्छीमार अजून त्याच तक्रारी घेऊन उभे आहेत. मोंबासात युरोपला मर्यादा शिकवणाऱ्या देशाला स्वतःच्या किनाऱ्यावरचे दिवे विझवता येत नसतील, तर पुढच्या बैठकीत आपलं कोण ऐकेल? आपल्या सुरतेलाही हाच अरबी समुद्र लागतो, आणि मासे काही राज्याची हद्द बघून पोहत नाहीत. गस्तीच्या बोटी वाढवा, पकडलेल्या दिव्यांचा आकडा दर महिन्याला जाहीर करा. एवढं तर दिल्लीला न विचारताही दोन्ही राज्यांना करता येईल.