आकाश पाहणाऱ्यांनी पायाखालचा डोंगरही पाहावा



चर्चचं विज्ञानाशी वैर आहे असं कोणी म्हटलं, की आपण व्हॅटिकनच्या वेधशाळेचं उदाहरण देतो. रोम शहराच्या दिव्यांमुळे तारे दिसेनासे झाले, म्हणून १९३०च्या दशकात ती कास्तेल गांडोल्फोला हलली. पुढे तिथलंही आकाश उजळलं, तेव्हा येशूसंघीय खगोलशास्त्रज्ञ अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात गेले. माउंट ग्रॅहम या पर्वतावर, सुमारे ३,२०० मीटर उंचीवर, १९९३ साली त्यांच्या दुर्बिणीचं उद्घाटन झालं. फिरत्या भट्टीत काच वितळवून घडवलेला तिचा आरसा १.८ मीटर व्यासाचा आहे. तिथली हवा विरळ आणि कोरडी, त्यामुळे दूरच्या ताऱ्यांचा अंधूक प्रकाशही टिपता येतो.

याचा आम्हांला मनापासून आनंद आहे. निर्मिती समजून घेणं ही निर्माणकर्त्याची स्तुतीच आहे. स्तोत्र १९ हेच शिकवतं.

पण या गोष्टीचा दुसरा भाग आपण सहसा सांगत नाही. सान कार्लोस अपाचे आदिवासींसाठी हा पर्वत पवित्र आहे. ते तिथं प्रार्थनेला जातात, औषधी वनस्पती गोळा करतात. १९९० साली त्यांच्या परिषदेनं दुर्बिणींविरुद्ध ठराव केला. १९९१ साली अपाचेंच्या एका संघटनेनं दावा लावला. तो फार उशिरा आणला, असं न्यायालयाचं मत पडलं. काम थांबलं नाही.

कायद्यानं प्रश्न मिटला. ख्रिस्ती मनासाठी तो मिटतो का? होरेब डोंगरावर मोशेनं पायांतले जोडे काढले, हे आपण मुलांना शिकवतो. मग दुसऱ्यांच्या पवित्र डोंगरावर आपण जोड्यांसह कसे चढतो? त्यांची श्रद्धा आपली नाही, हे खरं. पण भल्या शोमरोन्यानंही जखमी माणसाचा धर्म विचारला नव्हता.

दुर्बिणी नकोत, असं आमचं म्हणणं नाही. काम ठरवण्याआधी त्या लोकांसमोर बसून ऐकायला हवं, एवढंच. त्यांचा नकार ऐकण्याची तयारी नसेल, तर ते विचारणं नव्हे, नुसतं कळवणं झालं.

हे आपल्यालाही लागू आहे. गावच्या टेकडीवर क्रूस उभारायचा असेल, तर तिथं गुरं चारणाऱ्यांना, दिवा लावणाऱ्यांना आधी विचारू या. आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात व्हॅटिकनच्या दुर्बिणीबद्दल सांगताना अपाचेंबद्दलही सांगू या. तारे पाहायला डोळे देणारा प्रभू आपल्याला शेजाऱ्याचं ऐकणारे कानही देवो. आमेन.