बँड म्हणजे काय रे भाऊ?

मागच्या गॅदरिंगच्या ऑडिशनची गोष्ट. फर्स्ट इयरची पाच पोरं स्टेजवर चढली. एकाच्या हातात खंजेरी, एकाजवळ पेटी, एकाच्या पुढ्यात ढोलक आणि उरलेले दोघं टाळ घेऊन. यादीत त्यांनी नाव दिलं होतं ते 'बँड' या सदरात. निवड समितीच्या टेबलावरून आवाज आला, "काय बे, तेरवी कोणाची हाय?" सगळा हॉल हसला. पोरंही हसली. मग समितीनं निकाल दिला की बँड म्हणजे गिटार, ड्रम, कीबोर्ड; भजनी मंडळ त्यात बसत नाही. पोरांनी पेटीचा भाता बंद केला आणि न वाजवताच खाली उतरली.

त्या टेबलावर मीही होतो. तेरवीवाला आवाज माझा नव्हता, पण मी हसलो होतो, हे इथं कबूल करतो.

यातली खरी गंमत अशी की मी स्वतः खंजेरीवाल्याचा नातू आहे. अकोट तालुक्यातल्या आमच्या गावी गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात आबांनी कित्येक वर्षं खंजेरी वाजवली. लहानपणी टाळांच्या कल्लोळात त्यांच्या मांडीजवळ मी ढाराढूर झोपत असे. आणि हॉस्टेलवर आल्यापासून तीन वर्षांत ही गोष्ट मी एकालाही सांगितली नव्हती. घरी आबा काय करतात असं कोणी विचारलं तर 'शेती' म्हणून मोकळा.

आता जरा दुसरीकडे जाऊ. माझ्या रूम पार्टनरला इंग्लिश फोकचा नाद आहे. 'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन' नावाचा एक बँड त्याच्या स्पीकरवर रात्री दोन-दोनपर्यंत चालतो, सबमिशनच्या आदल्या रात्री तर जास्तच. आधी मला त्याचा राग यायचा, मग सवय झाली, मग एक दिवस मीच विचारलं की ही माणसं आहेत तरी कोण. त्यानं सांगितलेली हकिकत अशी. १९६७ साली लंडनमध्ये काही पोरांनी हा बँड काढला. सायमन निकोल नावाच्या त्यांच्यातल्या गिटारवाल्याच्या घराचं नाव 'फेअरपोर्ट', सराव तिथंच व्हायचा, म्हणून बँडचंही नाव तेच. मे १९६९ मध्ये बर्मिंगहॅमचा कार्यक्रम आटोपून रात्री परत येताना त्यांची व्हॅन उलटली. मार्टिन लॅम्बल हा ड्रमर गेला, सोबतची एक मुलगीही गेली. लॅम्बलचं वय १९. म्हणजे आपल्याकडच्या सेकंड इयरच्या पोराएवढं. बँड तिथंच संपायला हवा होता. पण त्याच वर्षी नवा ड्रमर आला, एक फिडलवाला आला, आणि खेड्यापाड्यातली जुनी गाणी विजेच्या गिटारवर घेऊन त्यांनी जो अल्बम काढला त्याला लोक आजही मानतात. मग पुन्हा फाटाफूट. अॅशली हचिंग्ज बाहेर पडला आणि त्यानं 'स्टीलआय स्पॅन' उभा केला, सँडी डेनी ही त्यांची गायिका गेली, रिचर्ड थॉम्पसनही गेला. १९७९ मध्ये क्रॉप्रेडी नावाच्या खेड्यात त्यांनी निरोपाचा कार्यक्रम केला. पण निरोप घेऊनही जीव राहवेना, म्हणून पुढं दर उन्हाळ्यात त्याच गावात जमायला लागले आणि त्याची जत्राच झाली.

"इतके लोक आले-गेले, मग बँड तोच कसा?" मी विचारलं.

तो म्हणाला, "गाणी तीच ना. आणि जो नवा येतो तो जुन्याच्या बाजूला बसून शिकतो."

मला एकदम आमचं गाव दिसलं.

आबांच्या वेळी मंडळ सात जणांचं होतं. पेटीवर गावचे शिंपी, ढोलकवर आमच्याच आळीतले एक काका, खंजेरीवर आबा, दोघं टाळकरी आणि मागं कोरसला जे कोणी हाती लागेल ते. बैलगाडीनं, पुढं एस.टी.नं, कधी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून दर्यापूर, मूर्तिजापूर, अंजनगावपर्यंत जात. बिदागी म्हणजे जेवण, नारळ आणि यायच्या-जायच्या भाड्याचे पैसे, तेही कधी मिळायचे, कधी नाही. एका पावसाळ्यात ढोलकवाल्या काकांना शेतात साप चावला आणि ते गेले. त्यांच्या तेरवीला मंडळ रात्रभर वाजलं, ढोलकशिवाय. त्यांची जागा रिकामी ठेवून सगळे बसले होते, असं आबा सांगतात. दुसऱ्या वर्षी काकांचा पोरगा त्या जागेवर बसला. तेव्हा तेरवीला वाजणं ही आमच्याकडे हसायची गोष्ट नाही. ऑडिशनला हे मला माहीत होतं, तरी मी हसलो.

हे सगळं सुरू झालं ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांपासून, हे अमरावती-अकोल्याच्या पोराला सांगायची गरज नाही. जन्म ३० एप्रिल १९०९, गाव यावली. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम. निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८. हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण महाराजांना आपण फोटोत, चौकात आणि नागपूर विद्यापीठाच्या नावात पाहतो, गवई म्हणून कधी ऐकत नाही, अशी माझी तक्रार आहे. हा माणूस वाद्य कोणतं निवडतो ते बघा. वीणा नाही, सतार नाही. लाकडाचं एक कडं, त्यावर ताणलेलं चामडं, कडेला पत्र्याच्या चकत्या. पिशवीत मावते, पायी फिरताना ओझं होत नाही, मोडली तर गावातल्या सुताराकडे दुरुस्त होते. उजव्या हाताच्या बोटांनी बोल काढायचे आणि त्याच वेळी गायचं, म्हणजे एकच माणूस गवईही आणि वादकही. आणि भजनाची रचना अशी की धृपद दोनदा ऐकलं की समोरची अख्खी सभा ते म्हणू शकते. म्हणजे महाराज ज्या गावात गेले तिथं कोरस तयारच होता. हे डिझाइन आहे. स्वस्त, हलकं, कुठंही उभं करता येणारं. एखाद्यानं यावर सेमिनार द्यावा.

आणि फिरणं तर केवढं! १९३६ मध्ये गांधीजींच्या बोलावण्यावरून सेवाग्रामला जाऊन राहिले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये आष्टी-चिमूर पेटलं, तेव्हा लोकांच्या तोंडी महाराजांची भजनं होती. त्याच महिन्याच्या अखेरीस चंद्रपुरात त्यांना अटक झाली आणि नागपूर, रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. भजनं म्हणणाऱ्या माणसाला सरकार आत टाकतं, तेव्हा त्या भजनात काही तरी असणारच. १९५५ मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेत गेले, तेही खंजेरी घेऊनच. आपला कोणता कॉलेज बँड जपानला गेलाय?

माणूस गेला तरी त्याची मंडळं राहिली. अशीच एक धार पुढं आमच्या अकोटात फुटली. सत्यपाल महाराज. एकाच बैठकीत सात खंजेऱ्या वाजवणारे, म्हणून 'सप्तखंजेरीवादक'. त्यांचं कीर्तन ज्यानं ऐकलंय त्याला माहीत आहे की तासन् तास लोक जागचे हलत नाहीत. दारू, हुंडा, बुवाबाजी, पोरींचं शिक्षण हे विषय, भाषा आपली वऱ्हाडी, मधूनच समोरच्या सरपंचालाही चिमटा. २०१७ मध्ये मुंबईत त्यांच्यावर चाकूहल्ला झाला. बरे होऊन ते पुन्हा गावोगाव फिरू लागले. त्यांचं पाहून कितीतरी पोरं सात-सात खंजेऱ्या मांडून बसायला लागली. गिटार सोलोवर आपण शिट्ट्या मारतो ना, सात खंजेऱ्यांवरून हात फिरतो तेव्हा आमच्याकडे बायाबापड्याही तशाच उठून टाळ्या वाजवतात.

आता विरोधी मुद्दे. समितीतला एक मित्र म्हणाला, भजन हा धर्माचा भाग आहे, कॉलेजच्या स्टेजवर कशाला? मी म्हटलं, गणपतीत डीजेवर नाचताना तुला हा प्रश्न पडत नाही. आणि ग्रामसफाईवरचं, व्यसनावरचं गाणं धर्माचं कसं झालं? त्यावर तो गप्प बसला, पण पटलं नव्हतं हे दिसत होतं.

दुसरा मुद्दा मात्र मला मान्य आहे. बरीच मंडळं वाईट वाजतात. पेटी बेसूर, टाळकरी लयीच्या पुढं पळतात, आणि साउंडवाला माइकला इतका इको लावतो की शब्द विहिरीतून आल्यासारखे वाटतात. (हा इको कोणी तरी कायद्यानं बंद करावा.) मोठ्या माणसांचाही यात दोष आहे. महाराजांना देव्हाऱ्यात बसवलं की मग वाजवण्यातली चूक काढणंही पाप होतं. सराव कोणी करत नाही, 'भाव महत्त्वाचा' म्हणतात. महाराज सूर-तालाकडे दुर्लक्ष करून जपानपर्यंत पोचले असतील, असं मला वाटत नाही. सध्या आमच्या भागात जरा नीट सराव दिसतो तो बायांच्या मंडळांत. आमच्या गावचंच महिला मंडळ पुरुषांपेक्षा चांगलं म्हणतं, हे आबाही मान्य करतात, फक्त पारावर नाही.

अजून एक खटकतं. मुंबईच्या लालबावटा कलापथकाचं नाव घेतलं की अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गव्हाणकर ही तीन नावं लोक सांगतात. फेअरपोर्टच्या तर प्रत्येक ड्रमरचं नाव माझ्या पार्टनरला पाठ. आमच्याकडच्या पोस्टरवर मात्र मुख्य गायकाचा फोटो आणि खाली 'आणि संच'. त्या 'संचा'त माझे आबा आयुष्यभर बसले.

आज आमच्या मंडळात चौघं उरलेत. पेटीवाले शिंपी गेले. ढोलकवाल्या काकांचा पोरगा पुण्याला एका कंपनीत सिक्युरिटीला आहे. आबांचा हात थरथरतो, खंजेरी धरवत नाही. फेअरपोर्टच्या हिशेबानं त्यांच्या बाजूला बसून जो शिकायला हवा होता, तो इथं अमरावतीत तुमच्यासाठी लेख लिहितोय.

यंदाच्या गॅदरिंगला माझी मागणी साधी आहे. 'बँड' सदराच्या नियमांतून वाद्यांची यादी काढून टाका. चार-पाच जण, एकत्र सराव, पंधरा मिनिटं. ज्याला ऐकवेल तो बँड. आणि कार्यक्रमपत्रिकेत टाळकऱ्यासकट सगळ्यांची नावं छापा. सांस्कृतिक विभागाच्या सरांकडे अर्ज दिला आहे. "बघू," म्हणालेत.

मागच्या आठवड्यात त्या खंजेरीवाल्या पोराला शोधून काढलं. नवीन हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर राहतो, मोर्शीकडचा आहे. पावसानं खंजेरीचं चामडं सैल पडलं होतं. शेगडीला रेक्टर सरांची बंदी, म्हणून गडी कपड्याच्या इस्त्रीवर टॉवेल टाकून ती शेकत बसला होता. मी माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या न भाऊ, आमाले सवय हाय." हे ऐकून जास्तच वाईट वाटलं.

मग त्यानं खंजेरी माझ्या हातात दिली. "तुमाले येते काय?"

डावा हात बरोबर कड्यावर गेला. उजव्या हाताची बोटं पार विसरली होती. पहिला बोल थपकन पडला, दुसरा त्याहून वाईट. शेजारच्या रूममधून कोणी तरी भिंतीवर बुक्की मारली.

आश्विन वद्य पंचमीला पाचही जण मोझरीला जाणार आहेत. पालख्या येतात, गावोगावची मंडळं येतात आणि दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी सगळं एकदम थांबतं, मौन श्रद्धांजलीसाठी. आबांना मी फोन करून विचारलं, तुम्ही येता का. ते म्हणाले, "तू वाजोत असशीन तं येतो." त्याच आठवड्यात आमच्या सेशनल आहेत.