साहेबाच्या बंगल्यात वाय-फाय

मे महिन्यातली दुपार. चंद्रपूर. पारा ४७ वर. अशा वेळी तुमचा तो हिंजवडीचा चकाचक काचेचा ऑफिस टॉवर उचलून इथे आणून ठेवला आणि नेमकी लाइट गेली तर? विचारच नको! आणि याच गावात दीडशे वर्षांपूर्वी लंडनच्या धुक्यातून आलेला गोरा साहेब संसार थाटून राहायचा. एसी नाही, कूलर नाही. पंखा होता, पण तोही व्हरांड्यात बसलेला कुणीतरी गरीब माणूस दोरीने ओढायचा. मग साहेब टिकला कसा? तर बॉस, त्याचं घरच तसं होतं.

‘व्हिक्टोरियन’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते सीएसएमटी. नाहीतर दक्षिण मुंबईतल्या त्या टोकदार कमानींच्या इमारती, ज्यांना २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. चंद्रपूर-गडचिरोलीचं व्हिक्टोरियन प्रकरण मात्र वेगळं. राणी व्हिक्टोरिया गादीवर होती १८३७ ते १९०१. नागपूरकर भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं १८५४ मध्ये, आणि त्यासोबत चांदाही त्यांच्या हातात गेला. दक्षिणेच्या टोकाला प्राणहितेकाठचं सिरोंचा तर काही वर्षं ‘अप्पर गोदावरी’ नावाच्या स्वतंत्र जिल्ह्याचं मुख्यालय होतं. आजही त्या तालुक्यात ग्लासफोर्डपेठा नावाचं गाव आहे. नावातच साहेब! जंगलातून आठवडेच्या आठवडे फिरणाऱ्या या मंडळींना मुक्काम हवा होता. त्यातून बंगले उभे राहिले, डाक बंगले आले, वनखात्याची विश्रामगृहं आली.

त्यांना बघून आपले मालगुजारही मागे राहिले नाहीत. वाड्याला पुढे खांबांचा व्हरांडा, दारांवर रंगीत काचा, छपराच्या कडेला लाकडी झालर... साहेबासारखं! १९५१ मध्ये मालगुजारी गेली, उत्पन्न आटलं, पण घरं राहिली. आज तुमच्यापैकी काहींच्या सातबाऱ्यावर किंवा नझुलाच्या कागदांवर तेच घर आहे, नऊ जणांच्या नावाने! आणि व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपवर एकच विषय चालू आहे: ‘पाडायचं की विकायचं?’

थांबा जरा. तिसरा ऑप्शनही आहे. राहायचं!

आधी मशीन समजून घ्या

हो, मशीन. हे घर म्हणजे विजेशिवाय चालणारं कूलिंग मशीन आहे. दीड-दोन फूट जाडीच्या भिंती दिवसभर ऊन पितात आणि ती उष्णता आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. तेव्हा खिडक्या उघडायच्या, रात्रभर गार हवा आत घ्यायची, सकाळी आठला सगळं बंद. छत उंच, म्हणून गरम हवा डोक्यावर जाऊन बसते आणि भिंतीत वर असलेल्या झरोक्यांतून बाहेर पडते. व्हरांडा भिंतीला ऊन लागूच देत नाही. जोतं उंच, म्हणजे पावसाळ्यात ओल नाही आणि साप-विंचवांना थेट एन्ट्री नाही. दारांना वाळ्याचे ओले ताटवे लावले की झाला कूलर!

आता बघा, आपण काय करतो. झरोके बुजवतो (धूळ येते म्हणून), व्हरांडा काचेने बंद करतो (एक रूम वाढते म्हणून), कवेलू काढून टिनाचे पत्रे ठोकतो (माकडं नाचतात म्हणून). मग म्हणतो, ‘जुन्या घरात फार उकडतं हो!’

सिमेंटचा नाद सोडा

गंमत अशी की, राजुरा-कोरपना हा चुनखडीचा पट्टा. तिथल्या सिमेंट कारखान्यांचं सिमेंट लांबलांबच्या टॉवरमध्ये जातं. त्याच चुनखडीचा चुना भाजून, घाणीत मळून पूर्वी इथली घरं बांधली गेली. दगड तोच, पण स्वभाव दोन. चुन्याची भिंत श्वास घेते. पावसाळ्यात ओल पिते, उन्हाळ्यात सोडून देते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि वरून चकचकीत ऑइल पेंट मारला की ओल आत कोंडते. मग क्षार फुलतात, पोपडे पडतात, आणि भिंतीत घुसलेली तुळईची टोकं आतल्या आत कुजतात. कंत्राटदार म्हणतो, ‘साहेब, भिंत खराब आहे, पाडावी लागेल.’ भिंत खराब नव्हती हो, तिचा गळा दाबला होता!

उपाय? सैल झालेलं सिमेंट हलक्या हाताने काढा. चुना चांगला भिजवून, मुरवून घ्या. त्यात वाळू किंवा विटांची सुरखी. जुने गवंडी गूळ, बेलफळाचा गर, उडदाचं पाणी घालायचे. प्रत्येकाची रेसिपी वेगळी. हे काम दिवाळीनंतर काढा. मेच्या झळांमध्ये गिलावा झटकन सुकून तडकतो आणि पावसाळ्यात सुकतच नाही. बाहेरून रंग चुन्याचाच. कुणी ‘वॉटरप्रूफ कोटिंग’ विकायला आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

सोफा सगळ्यात शेवटी

बजेट मर्यादित आहे? कुणाचं नसतं! म्हणून क्रम पाठ करा: पहिलं छप्पर, मग पाणी, मग वायरिंग, मग बाकी सगळं. छप्पर गळत असताना मॉड्युलर किचन करणं म्हणजे फाटक्या शर्टावर टाय!

छपरासाठी कवेलूच ठेवा, पण खाली सागवानी तक्तपोशी आणि तिच्यावर पाणी अडवणारा थर द्या. मग माकडाने चार कवेलू फोडले तरी पाणी थेट लॅपटॉपवर येणार नाही. सागाचा गाभा वाळवी सहसा खात नाही, पण बाहेरचं पांढरं लाकूड आवडीने खाते. म्हणून टोकणी घेऊन प्रत्येक वासा टोचून बघा. कुजलंय तेवढंच टोक कापून नवा जोड द्या, अख्खी तुळई बदलायची गरज क्वचितच पडते. पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून लांब नेणारी नाली केलीत तर निम्मे प्रॉब्लेम तिथेच संपतात.

वायरिंगसाठी भिंती खोदू नका. जुन्या चुन्याच्या भिंतीत खाचा मारल्या की ती भुगा होऊन येते. वरून पाइप किंवा पट्टीतून वायर न्या, दिसायलाही मस्त दिसतं. लाकडी छप्पर आहे, तेव्हा अर्थिंग आणि गळतीचा करंट तोडणारा ब्रेकर यांत कंजुसी नको. बाथरूम मागच्या बाजूला, स्वतःच्या पायावर, मूळ भिंतीला पाणी लागणार नाही असं. पाण्याची टाकी छपरावर अजिबात नाही, वेगळ्या स्टँडवर.

एसी हवाच असेल तर एकच खोली निवडा. बाकी घराला डेझर्ट कूलर आणि पंखे पुरतात, कारण इथला उन्हाळा कोरडा. आणि वाय-फाय? दोन फुटी भिंत सिग्नल गिळून टाकते. खोल्याखोल्यांत केबल ओढा किंवा मेश राउटर लावा. नागपूरच्या क्लायंटला कळणारही नाही की तुम्ही दीडशे वर्षांच्या व्हरांड्यातून कॉलवर आहात. बॅकग्राउंडला मोर ओरडला तर गोष्ट वेगळी!

सागवानाची किंमत, सागवानाचा हिशेब

जुन्या घराला सगळ्यात आधी कोण येतं बघायला? सागवानवाला. त्याला तुमच्या आजोबांच्या आठवणींत इंटरेस्ट नाही, तुळयांत आहे. आणि का नसेल? २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान गेलं ते बल्लारपूरहून. तुमच्या दिवाणखान्यातली अखंड तुळई ज्या घेराच्या झाडातून निघाली, तसली झाडं बघायची तर आलापल्लीच्या ‘वनवैभवा’त जावं लागतं. १९५३ पासून राखलेला, २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झालेला तो जंगलाचा तुकडा. म्हणजे एक घर पाडलं की जे लाकूड जातं, ते पुन्हा पिकायला तुमच्या नातवंडांचंही आयुष्य पुरणार नाही. (आणि हो, सागवान हलवायच्या आधी वनखात्यात परवान्याचं विचारून घ्या. फुकटची झंझट नको.)

पण एक प्रश्न राहतोच. साहेबाच्या राजवटीची निशाणी आपण का जपायची? प्रश्न रास्त आहे. याच चांद्यात २१ ऑक्टोबर १८५८ ला इंग्रजांनी वीर बाबुराव शेडमाके यांना फाशी दिली. पुढे वनकायदे आले, राखीव जंगलं झाली, आणि पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणारा माणूस तिथे परका ठरला. तो हक्क परत मिळायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला आणि गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला २००९ मध्ये. बंगल्याच्या भिंतीवर साहेबाचा फोटो टांगून ‘काय ते दिवस होते!’ म्हणण्यात काहीच अर्थ नाही.

जपायचं ते साहेबासाठी नाही. प्लॅन त्याचा असेल, पण लाकूड इथल्या जंगलाचं, चुना इथल्या भट्टीचा, सांधे इथल्या सुताराच्या हातचे. एकही खिळा न मारता जोडलेल्या कैचीवर त्या सुताराचं नाव कुठेच नाही. घर पाडलं की त्याचा शेवटचा पुरावाही जातो. आणि घर दुरुस्त केलं तर चुन्याचं काम येणाऱ्या आजच्या चार माणसांना रोजगार मिळतो, त्यांच्या पोरांना शिकावंसं वाटतं.

‘चंद्रपुरात कोण करणार हे?’ असं म्हणू नका. याच शहराच्या गोंडकालीन परकोटावर रान माजलं होतं. २०१७ मध्ये ‘इको-प्रो’च्या कार्यकर्त्यांनी फावडी-कुदळी घेऊन तो साफ करायला सुरुवात केली. रोज सकाळी, अंगमेहनतीने. अकराएक किलोमीटरच्या तटापुढे तुमच्या सहा खोल्या म्हणजे काय हो!

तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलात की एक करा. सही करायच्या आधी टेप आणि मोबाइल घेऊन घरभर फिरा. प्रत्येक खोली मोजा, प्रत्येक वाशाचा फोटो काढा, छपरातून उजेड कुठे दिसतो ते लिहून ठेवा. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या गवंड्याला एकदा बोलावून आणा. मग ग्रुपवर खर्चाचा आकडा टाका, भावनांचा नाही. पाडायचं ठरलंच, तर निदान माहिती असून पाडाल. आणि राहायचं ठरलं, तर व्हरांड्यात एक आरामखुर्ची आमच्यासाठी ठेवा!

पुढच्या आठवड्यात: भाड्याच्या फ्लॅटची बाल्कनी आणि घरमालकाला न दुखवता तिथे करता येण्याजोग्या गोष्टी.