चित्र दिसते, रेकॉर्डिंग होते का?

मागच्या महिन्यात रत्नागिरीकडच्या एका वाचक भगिनीचा फोन आला. परसातली पाण्याची मोटार रात्रीतून चोरीला गेली. मुलगा कुवेतला, घरी त्या, सून आणि दोन नातवंडे. मुलाने गेल्या सुट्टीत मागच्या पडवीवर वायफायचा कॅमेरा लावून दिला होता, आत मेमरी कार्ड घालून. रोज रात्री झोपण्यापूर्वी तो तिकडून मोबाईलवर परस बघायचा आणि फोन करून सांगायचा, "अम्मी, सगळे ठीक दिसते."

मोटार गेली तेव्हा कोणी फारसे घाबरले नाही. चोर कॅमेऱ्यात आलाच असेल! सुनेने मोबाईलवर आदल्या रात्रीची तारीख उघडली तर रेकॉर्डिंगची पट्टी कोरी. त्याआधीचा दिवस कोरा. मागे मागे जाता शेवटचे चित्रण सापडले ते मे महिन्यातले, आणि चोरी झाली ऑक्टोबरात. दरम्यान वाडीतल्या लोकांनी नारळ पाडायला येणाऱ्या मुलाचे नाव घ्यायला सुरुवात केली, कारण दोन दिवसांपूर्वी तो परसात येऊन गेला होता. त्या बाई मला म्हणाल्या, "आपा, तो नसेलही. पण तो नव्हता हे तरी आता कशावरून दाखवू?"

मुलाला पाच महिने संशय का आला नाही, हे आधी समजून घ्या. मोबाईलवर दिसणारे थेट चित्र कॅमेऱ्यातून वायफायवर आणि तिथून इंटरनेटने येते. त्या वाटेवर मेमरी कार्ड लागतच नाही. कार्ड बंद पडले, भरून थांबले, अगदी काढून घेतले, तरी थेट चित्र तसेच सुरेख दिसत राहते. म्हणून कॅमेरा चालू आहे की नाही याची परीक्षा एकच: कालची रात्र उघडून बघणे. कॅमेऱ्याच्या अ‍ॅपमध्ये सेटिंगच्या आत स्टोरेज किंवा मेमरी कार्ड असे पान असते. तिथे कार्ड 'सामान्य' आहे की 'एरर' दाखवते, तेही बघावे.

कार्ड का मरते? आपल्या मोबाईलमधल्या कार्डावर आपण अधूनमधून फोटो ठेवतो. कॅमेरा मात्र रात्रंदिवस लिहीत असतो. चित्रण सेकंदाला 2 मेगाबिट या साध्या दराने चालले, तरी चोवीस तासांत सुमारे 21 जीबी भरतात. म्हणजे 64 जीबीचे कार्ड तीन दिवसांच्या आतच भरते आणि मग जुने पुसून त्यावर नवे लिहिले जाते. अशा पुसण्या-लिहिण्याला कार्डाच्या आतल्या कप्प्यांची मर्यादा असते. म्हणून कॅमेऱ्यासाठी 'हाय एन्ड्युरन्स' असे लिहिलेले कार्ड घ्यावे. थोडे महाग पडते, पण इथे काटकसर करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

संपत आलेल्या कार्डाची एक चमत्कारिक खूण आहे. तुम्ही ते फॉरमॅट करता, 'झाले' असा संदेश येतो, आणि पुन्हा बघावे तर जुने चित्रण जसेच्या तसे! कार्डाने स्वतःला फक्त वाचण्यापुरते कुलूप लावलेले असते. अशा कार्डाला दहा वेळा फॉरमॅट करूनही उपयोग नाही, नवेच आणावे.

दुसरा गुन्हेगार म्हणजे नकली कार्ड. वर 128 जीबी छापलेले, आत जागा त्याच्या चौथाईसुद्धा नसते. खरी जागा संपेपर्यंत ते शहाण्यासारखे चालते, मग फायली तुटतात. घरातल्या कॉलेजच्या मुलाला सांगा: कार्ड रिकामे करून संगणकावर 'एच टू टेस्ट डब्ल्यू' या मोफत प्रोग्रॅमने तपासायचे. तो कार्ड काठोकाठ भरून परत वाचून बघतो आणि लबाडी उघडी पडते.

कार्ड चांगले असूनही कॅमेरा घेत नसेल, तर तो किती जीबीपर्यंत घेतो हे खोक्यावर पाहा. काही जुने कॅमेरे 32 जीबीच्या पुढे ओळखत नाहीत. नवे कार्ड घातल्यावर फॉरमॅट अ‍ॅपमधून, कॅमेऱ्यातच करावे. त्याआधी हवे ते चित्रण उतरवून घ्या, कारण फॉरमॅटने सगळे जाते. आणि कार्ड काढताना आधी कॅमेऱ्याची वीज बंद करा. चालू कॅमेऱ्यातून कार्ड ओढून काढल्याने चांगली कार्डे बिघडलेली मी पाहिली आहेत.

सेटिंगमध्ये 'ओव्हरराइट' म्हणजे जुन्यावर नवे लिहिण्याची सोय बंद असेल, तर कार्ड भरले की काम थांबते. 'फक्त हालचाल झाल्यास' असे ठेवले असेल, तर शांत रात्रीची पट्टी कोरी दिसणारच, तो बिघाड नव्हे.

आपल्याकडे विजेचाही हात असतो. वीज जाऊन-येऊन लिहिता लिहिता फाईल तुटते. नेट नसताना कॅमेरा पुन्हा सुरू झाला तर काही वेळा घड्याळ चुकते आणि आजचे चित्रण भलत्याच वर्षाखाली जाऊन बसते. 'रेकॉर्डिंग नाही' म्हणण्याआधी चित्रावरची तारीख वाचा. अ‍ॅडॉप्टर हलक्या दर्जाचा असेल तर रात्री अंधारातले दिवे लागल्यावर त्याला भार पेलत नाही आणि कॅमेरा पुनःपुन्हा बंद-चालू होतो. दिवसा ठीक, रात्री कोरे, असे असेल तर कार्डाआधी अ‍ॅडॉप्टर बदलून पाहा.

आणखी एक, जे दुकानदार सांगत नाही. जुने कार्ड बदलून देतो म्हणाला तरी ते त्याच्याकडे ठेवू नका. त्यावर घरातल्या बायकामुलींचे उठणे-बसणे असते, आणि नुसते फॉरमॅट केलेल्या कार्डावरून चित्रण पुन्हा काढता येते. कार्ड घरीच मोडून टाका.

त्या भगिनींकडे मी कार्ड मागवून घेतले. फॉरमॅट केले, जुने चित्रण परत आले: मे महिन्यातले अंगण, वाळत घातलेली आमसुले, नातवंडांची सायकल. आता नवे कार्ड घातले आहे आणि दर शुक्रवारी सून आदल्या रात्रीचे दोन मिनिटांचे चित्रण उघडून बघते. मोटार मिळाली नाही. नारळ उतरवायचे राहिले आहेत. त्या मुलाला निरोप पाठवला होता, तो अजून आलेला नाही.