भाजलेल्या हाताने शुल्क भरायचे?

बंगळूरवासी मराठी मित्रहो, पुण्याहून आणलेला कुकर इथे सदोष झडपेमुळे फुटला आणि हात भाजला, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार बंगळूरच्याच जिल्हा आयोगाकडे करता येते. उत्पादकाच्या दायित्वासाठी त्यात स्वतंत्र प्रकरणही आहे. हे स्वागतार्हच. परंतु दोष प्रयोगशाळेत तपासावा लागल्यास, कलम ३८ नुसार, शुल्क आधी तक्रारदाराने भरावयाचे! १९८६ च्या कायद्यातील ही तरतूद नव्या कायद्यातही कायम राहिली. प्रशासनात आयुष्य घालविलेला मी याला अन्यायच म्हणेन. शुल्क आधी शासनाने भरावे आणि दोष सिद्ध होताच उत्पादकाकडून वसूल करावे. अन्यथा दायित्व कागदावर उत्पादकाचे, भार मात्र जखमी माणसाचाच.